सीझेड ५५० सफारी मॅग्नम, .४१६ रिग्बी: दणका आधी लाकूड खातं, मग खांदा

सीझेड ५५० सफारी मॅग्नम आता कारखान्यातून नवी येत नाही. चेक प्रजासत्ताकातल्या उहेर्स्की ब्रोदच्या या रायफलीचं उत्पादन थांबलं, पण दक्षिण आफ्रिका, नामिबिया, ऑस्ट्रेलिया, अमेरिका इथल्या जुन्या मालाच्या बाजारात ती अजून हमखास सापडते. खरा लांब मॅग्नम ॲक्शन (काडतूस भरून बार काढणारी धातूची यंत्रणा), मॉझर पद्धतीचा नखवाला एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस ओढून काढणारा भाग), २५ इंची नळी, आणि .४१६ रिग्बीसारखं लठ्ठ काडतूस विनातक्रार भरणारं मॅगझिन. एवढं सगळं या दर्जाच्या इंग्लिश रायफलीच्या किमतीच्या अंशात मिळतं, म्हणून लोक ती घेतात. आणि नंतर खांदा चोळत बसतात.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच उरला नाही. तेव्हा हे परीक्षण जिथे अशी रायफल कायद्याने बाळगता आणि वापरता येते तिथल्या मराठी वाचकांसाठी आहे. इथे ॲक्शन, अचूकता वगैरेवर फार शब्द खर्च करणार नाही, त्या बाबतीत रायफल चांगलीच आहे. प्रश्न दणक्याचा, म्हणजे रिकॉइलचा आहे. या रायफलीत तो दोन ठिकाणी बसतो: वापरणाऱ्याच्या खांद्यावर आणि दस्त्याच्या लाकडावर. बहुतेक जण फक्त पहिल्याचा विचार करतात. पैसे दुसऱ्यापायी जातात.

आकडे काय म्हणतात

.४१६ रिग्बीची नेहमीची गोळी ४०० ग्रेनची, म्हणजे सुमारे २६ ग्रॅमची. ती सेकंदाला ७३० मीटरच्या आसपास वेगाने निघते. मागे दारू साधारण १०० ग्रेन, साडेसहा ग्रॅम. गोळी पुढे जाते तशी ही जळलेली दारूही वायू होऊन पुढे फेकली जाते, आणि वायूचा वेग गोळीच्या जवळपास पावणेदोन पट धरायचा असा हिशेबाचा रिवाज आहे. दोन्ही मिळून संवेग होतो २७ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. दुर्बीण न लावलेली, रिकामी रायफल ४.३ किलोची धरली, तर ती सेकंदाला सव्वासहा मीटर वेगाने मागे येते आणि तिच्यात ८६ ज्यूल ऊर्जा असते.

तुलनेसाठी: .३०-०६ मधून १८० ग्रेनची गोळी ३.६ किलोच्या रायफलीतून मारली तर हाच आकडा ३० ज्यूलच्या आसपास येतो. याच सीझेडच्या .३७५ एच अँड एच आवृत्तीत ५५, आणि .४५८ लॉटमध्ये ९८. म्हणजे .४१६ ही .३०-०६ च्या जवळपास तिप्पट. ‘थोडी जास्त’ वगैरे म्हणणाऱ्या विक्रेत्याला नमस्कार करून पुढे जावं.

रिग्बीची एक गंमत इथेच सांगायला हवी. हे काडतूस १९११ चं, कॉर्डाइट दारूच्या काळातलं. उष्ण प्रदेशात दाब चढून रिकामं काडतूस चेंबरमध्ये अडकू नये म्हणून त्याचं पोट मुद्दाम मोठं ठेवलं होतं. दाब कमी राहतो, खटका सहज उघडतो, पण तोच वेग गाठायला दारू जास्त लागते, आणि ती जास्तीची दारू दणक्यात मोजली जाते. १९८८ मधलं .४१६ रेमिंग्टन मॅग्नम तीच गोळी त्याच वेगाने सुमारे ८० ग्रेन दारूत पाठवतं. दाब जास्त, पण तेवढ्याच वजनाच्या रायफलीत दणका ७६ ज्यूलच्या आसपास. दहा ज्यूलचा हा फरक खांद्याला कळतो.

दस्ता: दोन आकार, दोन स्वभाव

ही रायफल प्रामुख्याने दोन दस्त्यांत दिसते. एक युरोपीय, पाठीला कुबड असलेला, ज्याला बव्हेरियन म्हणतात. दुसरा अमेरिकन, सरळ पाठीचा. कुबडाचा दस्ता उघड्या माशीने (नळीच्या टोकावरच्या नेमखुणेने, दुर्बिणीशिवाय) नेम धरायला बरा वाटतो, पण त्याची टाच नळीच्या रेषेपासून बरीच खाली असते. दणका नळीच्या रेषेत येतो, खांदा त्या रेषेच्या खाली. हे अंतर जितकं जास्त तितकी नळी वर उसळते आणि दस्ता गालावर आपटतो. .३०-०६ मध्ये हे चालून जातं. .४१६ मध्ये गालफडाचं हाड दुखायला लागतं आणि दुसऱ्या बाराच्या आधीच डोळे मिटायला लागतात.

अमेरिकन दस्त्यात दणका सरळ मागे येतो. खांद्याला जरा जास्त, गालाला बराच कमी. दुर्बीण लावायची असेल तर दुसरा विचारच करू नये. कुबडाचा दस्ता स्वस्तात मिळाला म्हणून घेतला, तर वाचलेले पैसे पुढे नव्या दस्त्यात जातात.

तुर्की अक्रोडाचं देखणं लाकूड पाहून भुलायला होतं. पण देखण्या लाकडाचे धागे दस्त्याच्या मनगटाशी, म्हणजे हाताने पकडायच्या बारीक भागात, तिरके धावत असतील तर ते लाकूड भिंतीवरच्या चौकटीसाठी ठेवावं. मनगटातून धागे पुढून मागे सरळ गेले पाहिजेत, मग वरची नक्षी फिकी असली तरी हरकत नाही. लॅमिनेट दस्ता मिळाला तर तो जड असतो, दिसायला रुक्ष असतो, आणि या कामाला उत्तम असतो.

लाकूड का फाटतं

या मॉडेलची सर्वात ठाऊक तक्रार म्हणजे दस्ता फुटणं. भेग दोन जागी येते: ॲक्शनच्या शेपटीमागे मनगटात, आणि मॅगझिनची पेटी व चापाची खाच यांच्या मधल्या अरुंद लाकडात. ‘लाकूड हलकं होतं’ हे कारण बहुतेक वेळा खोटं. खरं कारण बसवणीत असतं.

ॲक्शनच्या खाली एक चौकोनी ठोकळा असतो, रिकॉइल लग. दणका बसला की या लगने मागच्या लाकडाच्या भिंतीवर टेकून सगळा भार दस्त्याला द्यायचा. मॅग्नम मॉडेलमध्ये नळीखाली आणखी एक लग आहे, भार दोघांत वाटला जावा म्हणून. कल्पना चांगली. पण मशीनने खोदलेल्या खाचेत दोन्ही लग एकाच वेळी टेकतील याची खात्री नसते. बहुधा एकच टेकतो. कधी कधी एकही नीट टेकत नाही, आणि मग सर्वात आधी लाकडाला भिडते ती ॲक्शनची शेपटी. ती निमुळती असते. ८६ ज्यूलचा घाव बसला की ती लाकडात पाचरीसारखी घुसते. लाकूडतोड्या ओंडका जसा फोडतो, अगदी तसंच.

म्हणून ही रायफल हातात आल्यावर पहिला बार काढण्याआधी बेडिंग, म्हणजे ॲक्शन दस्त्यात इपॉक्सीने नीट टेकवून बसवणं, करून घ्यावं. अनुभवी गनस्मिथकडे दिलेलं उत्तम, पण काम कसं चालतं ते माहीत असलं म्हणजे त्याने काय केलं हे तपासता येतं.

ॲक्शन दस्त्यातून काढायचा. लाकडात मुरलेलं तेल ॲसिटोनने पुसून काढायचं, दोन-तीन वेळा, नाहीतर इपॉक्सी धरत नाही. दोन्ही लगच्या मागची भिंत साधारण २ मिमी कोरून घ्यायची, तिथे इपॉक्सी भरायचं आहे. लगच्या पुढच्या बाजूला, दोन्ही कडांना आणि तळाला इलेक्ट्रिकची टेप एकेक पदर लावायची. मागच्या बाजूला टेप अजिबात नाही. मागची बाजूच टेकायला हवी, बाकीच्या बाजूंना मोकळीक. सगळ्या धातूला, स्क्रूंच्या आट्यांनासुद्धा, मेण किंवा रिलीज एजंट दोन थर. भोकं आणि खाचा मुलांच्या खेळातल्या प्लॅस्टिसिनने बुजवायच्या. ही पायरी आळसाने टाळली तर ॲक्शन दस्त्यात कायमचा चिकटतो, आणि मग छिन्नीशिवाय गत्यंतर नाही.

नंतर स्टीलची पूड मिसळलेलं इपॉक्सी किंवा ॲक्राग्लास जेल भरायचं, ॲक्शन बसवायचा, पण स्क्रू आवळायचे नाहीत. रबराच्या नळीने बांधून ठेवायचं. आवळलं तर दस्ता वाकलेल्या स्थितीतच इपॉक्सी घट्ट होतं आणि तो ताण कायम राहतो. २४ तास हात लावायचा नाही. बाहेर आलेलं इपॉक्सी रबरासारखं मऊ असतानाच धारदार प्लॅस्टिकने छाटून टाकावं, पूर्ण वाळल्यावर कानस लागते.

शेवटी शेपटीमागे १ मिमी फट मोकळी करायची. पोस्टकार्डाची घडी आरपार सरकली पाहिजे. काही जणांना ही फट दिसायला वाईट वाटते आणि ते ती इपॉक्सीने भरतात. मग सगळी मेहनत वाया. मॅगझिनच्या पेटीभोवतीही मोकळीक हवी, विशेषतः मागच्या बाजूला. स्क्रू ५ ते ६ न्यूटन-मीटरवर आवळून डोक्यावर आणि शेजारच्या धातूवर नेलपॉलिशचा एकच ठिपका द्यावा. ठिपका तुटला म्हणजे स्क्रू हलला.

मनगटात आतून ६ मिमीचा आटे पाडलेला स्टीलचा गज इपॉक्सीत बसवणं हा त्यावरचा विमा. चेकरिंगखाली (पकडीसाठी कोरलेल्या चौकड्यांखाली) भोक लपवता येतं. आडवे बोल्ट बाहेरून दिसतात, आणि सफारी रायफलीवर ते शोभतातही.

लांबी आणि पॅड

लाकडाची सोय झाली, आता खांदा. पॅड विकत घेण्याआधी दस्त्याची लांबी मोजा: चापाच्या मध्यापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंत. साडेपाच फुटांच्या आसपास उंचीच्या माणसाला १३.२५ ते १३.५ इंच पुरते. युरोप-अमेरिकेतले दस्ते बहुधा उंच माणसाच्या बेताने केलेले असतात. दस्ता लांब असला तर तो खांद्याच्या खळगीत न बसता दंडावर सरकतो आणि काळानिळा डाग पडतो तो तिथेच. आखूड असला तर उजव्या हाताचा अंगठा नाकावर आणि दुर्बिणीची कड भुवईवर. मोजताना अंगात शिकारीच्या वेळी असेल तोच शर्ट असावा. दक्षिण आफ्रिकेतल्या लिंपोपोच्या उन्हात कुणी जाड कोट घालत नाही.

कोनही बघा. पॅडचं खालचं टोक छातीत आधी रुतत असेल तर दस्ता कापताना काही अंश तिरका घ्यावा लागतो. स्त्रियांना आणि भरलेल्या छातीच्या पुरुषांना हा कोन लांबीइतकाच महत्त्वाचा, पण मोजतं कोण?

जुन्या रायफलीवरचा मूळ पॅड वयाने कडक झालेला असतो. अंगठ्याने दाबून बघा. दबत नसेल तर तो पॅड नव्हे, नुसतं झाकण आहे. बदलायला तीन नावं समोर येतात. पॅकमायर डिसिलरेटर हा १ इंची पॅड या रायफलीला सर्वात चपखल. मऊ आहे पण लिबलिबीत नाही, वरची टाच गुळगुळीत करून घेतली तर रायफल खांद्याला लावताना शर्टात अडकत नाही. लिंबसेव्हर हातात घेतल्यावर सर्वात मऊ लागतो, आणि टेबलावरून सावकाश बार काढायला तोच बरा. पण त्याचं रबर कापडाला धरतं. झुडपातून अचानक रायफल वर आणायची वेळ आली की टाच काखेच्या कापडात रुतते. केप बफेलोच्या समोर ही बाब गौण नाही. किक-ईझ सॉर्बोथेनचा: जड, घट्ट, दणका हळू पचवणारा. त्याचं जादा वजन इथे गुणच आहे. थंडीत मात्र सॉर्बोथेन ताठरतो.

आमची पसंती डिसिलरेटरला, पॅड दस्त्याला घासून बसवायच्या प्रकारातला. वरून चढवायचा मोजा-पॅड घेऊ नये. तो लांबी वाढवतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या बारानंतर फिरतो.

बसवताना हिशेब असा: हवी ती लांबी वजा पॅडची जाडी, इथे लाकूड कापायचं. १३.५ इंच हवी असेल आणि पॅड १ इंची असेल तर १२.५ इंचांवर. कापण्याच्या रेषेवर मास्किंग टेप गुंडाळावी आणि बारीक दातांचं, ६० किंवा ८० दात्यांचं पातं वापरावं, नाहीतर कडेची छिलपी उडते. स्क्रूची जुनी भोकं लाकडी खुंटी आणि गोंदाने बुजवून नवी पाडावीत. स्क्रू पॅडच्या आतून जातात. रबरावर ब्लेडने बारीक चीर द्यायची, पेचकसाला व्हॅसलिन लावून तो चिरेतून घालायचा. व्हॅसलिन विसरलं तर रबर पेचकसाभोवती पिळून फाटतं, आणि ते भोक मग रायफल असेपर्यंत आपल्याकडे बघत राहतं.

पॅड स्क्रूने बसवून दस्त्याच्या कडेने टोकदार सुईने रेघ ओढायची, पॅड काढायचा, आणि बेल्ट सँडरवर आधी ८० नंबर, मग १२० नंबर कागदाने रेघेपर्यंत घासायचं. अर्धा मिमी शिल्लक ठेवून थांबा, शेवटचं घासणं हाताने. मऊ पॅड सँडरवर पसरतो आणि रेघ चुकते, म्हणून आधी काही तास फ्रीझरमध्ये ठेवावा. खालच्या टोकाची उतरती रेघ दस्त्याच्या पोटाच्या रेघेत मिसळली पाहिजे. तिथे सरळ उभं घासलेलं पॅड दिसलं की गनस्मिथ नवशिका आहे हे लांबूनही कळतं.

पॅडची रुंदी जमेल तेवढी राखावी. ४० मिमीची ४४ झाली तरी खांद्यावर टेकणारं क्षेत्र दहा टक्क्यांनी वाढतं, तेही फुकटात.

वजन

दणक्याची ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. अर्ध्या किलोची दुर्बीण आणि रिंगा लावल्या की ८६ ज्यूलचे ७७ होतात. दस्त्याच्या मागच्या टोकातून २२ मिमी व्यासाचं, १५ सेंमी खोल भोक पाडून त्यात शिशाचे छर्रे भरले तर जवळपास ३८० ग्रॅम मावतात. मग आकडा ७१ वर येतो. छर्रे खुळखुळू नयेत म्हणून वितळलेलं मेण ओतावं. इपॉक्सीही चालतं, पण पुढे काढायचे झाले तर मेण बरं. भोक पॅडच्या स्क्रूंच्या मधोमध आणि पट्ट्याच्या कडीचा स्क्रू टाळून. वजन सगळं मागे गेलं तर नळी हलकी होऊन जास्त उसळते, म्हणून त्यातलं शे-दीडशे ग्रॅम पुढच्या भागात, नळीखालच्या खाचेत घालावं.

जुन्या दुनाळ्यांचे कारागीर हे जाणून होते. १९०७ च्या सुमारास इंग्रज सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअरवर बंदी आणली आणि त्या पोकळीत .४७० नायट्रो एक्सप्रेससारखी काडतुसं आली. .४७० ची गोळी ५०० ग्रेनची, रिग्बीपेक्षा बरीच जड. पण दुनाळी पाच किलोची. हिशेब केला तर दणका पुन्हा ८६ ज्यूलच्या आसपासच येतो. फुकट काही मिळत नाही, कुठेतरी वजन वाहावं लागतं.

पाऱ्याच्या नळ्या, म्हणजे दस्त्यात बसवायचे मर्क्युरी रिड्यूसर, यांची जाहिरात बरीच असते. त्यांचा मुख्य फायदा त्यांच्या वजनाचाच, आणि तो शिसंही देतं. शिवाय पारा ॲल्युमिनियम खातो, म्हणून विमान वाहतुकीत तो धोकादायक माल आहे. आफ्रिकेला जायची रायफल असेल तर ही भानगड दस्त्यात नकोच.

मझल ब्रेक

नळीच्या टोकाला लावायचा ब्रेक गोळीला रोखत नाही, फक्त वायू बाजूला वळवतो. रिग्बीत दारू भरपूर, म्हणून ब्रेकचा उपयोगही भरपूर. एकूण २७ च्या संवेगात वायूचा वाटा ८ च्या वर आहे. तो पूर्ण नाहीसा झाला असं धरलं तर दणका ८६ वरून ४२ ज्यूलवर येतो. वायू मागे वळवणारे ब्रेक त्याहून थोडं खालीही नेऊ शकतात. पॅड, शिसं, बाकी काहीही या आकड्याच्या जवळपास जात नाही.

तरीही शिकारीच्या रायफलीवर तो कायमचा नको. वायू बाजूला आणि मागे वळला की आवाजही तिकडेच वळतो. मोठ्या रायफलीच्या बाराचा आवाज तसाही १४० डेसिबलच्या धोक्याच्या रेषेपलीकडे असतो. ब्रेक लावला की शेजारी उभ्या असलेल्या माग काढणाऱ्याच्या आणि व्यावसायिक शिकाऱ्याच्या कानावर तो थेट आदळतो, आणि त्यांनी कानात बोंडं घातलेली नसतात, त्यांना झुडपातला आवाज ऐकायचा असतो. आफ्रिकेतले बरेच व्यावसायिक शिकारी ब्रेक पाहून आधीच तोंड वाकडं करतात, ते उगीच नाही. जमिनीवर पडून मारलं तर धुळीचा लोटही उठतो.

मध्यममार्ग असा: आट्यांवर चढणारा, काढता येणारा ब्रेक. मैदानावर सरावाला लावायचा, रानात काढून आट्यांवर टोपी चढवायची. पण काढल्यावर गोळ्या पडण्याची जागा बदलते, कधी थोडी, कधी वीतभर. म्हणून शेवटचा नेम ब्रेक काढूनच साधायचा. या रायफलीत माशी नळीच्या टोकाजवळ आहे, आटे पाडायला जागा कमी उरते, तेव्हा काम देण्याआधी गनस्मिथला नळी दाखवा. नुसती छिद्रं पाडणारं पोर्टिंग नळीची उसळी आवरतं, मागचा धक्का फारसा नाही.

दुर्बीण आणि काडतुसं

दुर्बिणीत डोळ्याचं अंतर ९० मिमीच्या खाली चालणार नाही. १ ते ४ किंवा १ ते ६ पटीची, आखूड, सरळ नळीची घ्यावी. रिंगा ५५० च्या रिसीव्हरसाठीच्या (ॲक्शनच्या धातूच्या कवचासाठीच्या) असाव्यात आणि रिंगेतला आडवा खुंट रिसीव्हरच्या खाचेत बसला पाहिजे. नुसत्या घर्षणावर सोडलं तर दहा-वीस बारांत रिंगा पुढे सरकलेल्या दिसतात. रिंगेचे स्क्रू २ न्यूटन-मीटर. जास्त आवळले तर दुर्बिणीची नळीच चेपते.

दणक्याने मॅगझिनमधली काडतुसंही पुढे आपटतात. मऊ टोकाच्या गोळ्या चपट्या होतात, ते चालून जातं. पण गोळी काडतुसात आत सरकली तर दाब बदलतो. पडताळा सोपा: एक काडतूस कॅलिपरने मोजून मॅगझिनच्या तळाशी ठेवा, वरचे तीन बार काढा, पुन्हा मोजा. लांबी घटली असेल तर क्रिंप (काडतुसाच्या तोंडाची गोळीवरची पकड) कमी आहे. रिग्बीची कमाल लांबी ९५.२५ मिमी.

स्वतः काडतुसं भरणाऱ्यांनी सरावासाठी वेग ६५५ मीटरवर आणला तर दणका ६३ ज्यूलच्या आसपास येतो. पण तो वेग मॅन्युअलमध्ये त्यासाठी दिलेल्या दारूने गाठावा. नेहमीची संथ जळणारी दारू मनाने कमी भरली तर दाब बेभरवशी होतो.

टेबलावर आणि उभ्याने

या रायफलीने पडून नेम साधू नये. पडलेल्या माणसाचं शरीर मागे झुलत नाही, सगळा मार गळ्याच्या हाडावर. टेबलावर बसायचं तर वाळूच्या पिशव्या उंच ठेवून पाठ ताठ. डाव्या हाताने पुढचा दस्ता धरून मागे ओढायचा, पिशवीवर नुसता टेकवायचा नाही. उजवा अंगठा दस्त्याच्या वरून न घालता बाजूने. मधलं बोट चापाच्या कड्याला चिकटवू नये, दणक्यात कडं त्याच पेरावर येऊन आदळतं.

लेड स्लेडसारखा स्टँड वापरताना जपून. त्यावर छर्ऱ्यांच्या पिशव्या रचून पन्नास पौंड लादले की खांद्याला काही कळत नाही, कारण रायफल हलतच नाही. मग तो घाव जातो कुठे? मनगटात आणि दुर्बिणीत. बेडिंग न केलेला दस्ता स्टँडवर फुटतो तो असा. २५ पौंडांची एकच पिशवी ठेवा, रायफलीला एक-दोन इंच मागे सरकू द्या.

नेम एकदा बसला की बाकी सराव उभ्याने, तीन पायांच्या काठ्यांवरून. डावा पाय पुढे, वजन त्यावर, कंबरेतून किंचित झुकून. एका दिवशी सहा ते नऊ बार, जास्त नाही. कानात बोंडं आणि वरून कर्णरक्षक, दोन्ही. भीती अर्धी आवाजाचीच असते. शर्टाखाली पास्ट कंपनीचा खांदा-पॅड सरावाला जरूर घालावा. मित्राने काडतुसांत मधेच एखादं डमी मिसळून भरून द्यावं. डमीवर चाप ओढल्यावर नळीचं टोक खाली डुबलं, तर दचकण्याची सवय लागली आहे. त्या दिवसाचा सराव तिथेच बंद, पुढचे दोनशे बार .२२ ने.

पुढे ढकलून हलका होणारा सेट ट्रिगर या बोअरमध्ये विसरून जावा. घाईत दुसरा बार काढायचा असतो तेव्हा केसावर आलेला चाप धोक्याचा.

घ्यावी का?

झिम्बाब्वेत मोठ्या जनावरांसाठी किमान ९.२ मिमी आणि ५३०० ज्यूल लागतात. .३७५ एच अँड एच ५७०० च्या वर देते, रिग्बी ६९०० च्या आसपास. म्हणजे वर्षा-दोन वर्षांतून एकदा जाणाऱ्या माणसाचं काम .३७५ मध्ये भागतं, तेही ५५ ज्यूलमध्ये. हीच सीझेड .३७५ मध्ये मिळत असेल तर बहुतेकांनी तीच घ्यावी. ज्यांना रिग्बीच हवी, वर्षभर सराव करायची तयारी आहे, आणि बेडिंग, पॅड, शिसं यांचा खर्च रायफलीच्या किमतीतच धरायची अक्कल आहे, त्यांना यापेक्षा चांगला सौदा जुन्या बाजारात सापडणं कठीण.

जुनी बघायला जाल तेव्हा ॲक्शन दस्त्यातून काढून दाखवायला सांगा. विकणारा नाही म्हणाला तर कारण विचारू नका, निघा. शेपटीमागचं आणि मॅगझिन-चापाच्या मधलं लाकूड स्पिरिटच्या बोळ्याने पुसा आणि मिनिटभर थांबा. लाकडाचा पृष्ठभाग वाळतो, भेगेतलं स्पिरिट मागे राहतं. केसाएवढी ओली रेघ उरलेली दिसली तर नव्या दस्त्याची किंमत वजा करून बोला, नाहीतर रायफल टेबलावर परत ठेवा.